भातुकलीतली पळी

हेडलाइटचा बल्ब घरीच बदलायला घेतलात, तर एवढं करा. बॉनेट उघडून कपलर ओढा, रबरी टोपी काढा, तारेची क्लिप सोडवून जुना बल्ब बाहेर घ्या आणि नवा बसवण्याआधी जुना डोळ्यांसमोर धरा. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत असतो तो एच-४ हॅलोजन असेल, तर काचेत दोन बारीक गुंडाळ्या दिसतील. त्यांतल्या एकीखाली भातुकलीतल्या पळीसारखं काहीतरी असतं. तिचं काम प्रकाश अडवणं. उजेडासाठी घेतलेल्या वस्तूत उजेड अडवायची सोय!

बल्बमागचा आरसा डिश अँटेनाच्या घराण्यातला. त्याच्या नाभीवर पेटलेली गुंडाळी सरळ लांब झोत फेकते. तो अप्पर. डिपरची गुंडाळी नाभीच्या जराशी पुढे असते. तिचा जो प्रकाश आरशाच्या वरच्या अर्ध्यावर पडतो तो रस्त्याकडे खाली वळतो. खालच्या अर्ध्यावर पडला असता तर वर उसळून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत गेला असता. पळी त्याच वाटेत उभी असते. शिवाय तिचा एक काठ तिरका कापलेला असतो. त्यामुळे झोताची कड आपल्या डाव्या बाजूला १५ अंशांनी वर चढते आणि कडेने चालणारा माणूस दिसतो, समोरचा ड्रायव्हर मात्र दिपत नाही.

म्हणून हॅलोजनच्या घरात एलईडी बसवताना तो किती पांढरा, किती लख्ख, हे मी शेवटी विचारीन. आधी हे, की त्याचे ठिपके त्या गुंडाळ्यांच्या नेमक्या जागी येतात का? मिलिमीटरभर चुकलं तरी झोत फिसकटतो. आपल्याला वाटतं रस्ता उजळला. समोरचा मनात शिव्या मोजत असतो.

नवा हॅलोजन असेल तर काचेला बोट लावू नका. ती क्वार्ट्‌झची असते, भयंकर तापते. बोटाचा तेलकट डाग राहिला तर नेमकी तिथेच कमजोर होते. आतला खेळ तर विलक्षण. टंगस्टनच्या तारेचे कण तापून उडतात, काचेजवळ आयोडीन किंवा ब्रोमीनशी जोडी जमवतात आणि फिरत पुन्हा तारेपाशी आले की तिथल्या उष्णतेने सुटून तारेवरच बसतात. काच काळी पडत नाही ती यामुळे.

आता एक स्वस्त युक्ती. तारेचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणजे बारीक, जुन्या वायरिंगमध्ये १० टक्के व्होल्टेज गळालं तर जवळपास ३० टक्के उजेड गेला! जाड वायर, फ्यूज आणि रिले लावून बॅटरीपासून थेट वीज दिली, की तोच ६०/५५ वॉटचा बल्ब नव्याने जागा होतो. उलट जुन्याच वायरवर १०० वॉटचा बल्ब चढवला, तर आधी होल्डर वितळतो.

फॉगलाइटचं गणित वेगळं. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात अप्पर लावून बघा: समोर पांढरी भिंत. धुक्याचे थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, म्हणजे प्रकाशाच्या लहरींच्या कितीतरी पट मोठे. ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. म्हणून पिवळा दिवा धुकं ‘भेदतो’ हे खरं नाही. निळा भाग गेल्याने डोळ्यांना जरा बरं वाटतं, इतकंच. फ्रान्सने १९३६ ते १९९३ गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे ठेवले होते! फॉगलाइटची खरी करामत त्याच्या जागेत आहे. तो बंपरात खाली बसतो, रुंद आणि चपटा झोत टाकतो, त्यामुळे आपल्या नजरेच्या रेषेतलं धुकं उजळत नाही. हौसेने तो वर टपावर चढवणाऱ्यांना काय म्हणावं!

काम झालं की अंधार पडल्यावर गाडी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा आणि डिपर लावा. झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्याहून साधारण १० सेंमी खाली हवी. नसेल तर मागच्या स्क्रूने फोकस सेट करा. भिंतीवर उजवीकडे आडवी रेघ दिसेल, मग डावीकडे चढत गेलेला तिरका काठ. दुपारी हातात धरलेल्या त्या इवल्या पळीचाच काठ, आता भिंतभर पसरलेला.