घरची गाडी, लेखांक ६ : घासणे म्हणजे निगा नव्हे

मागील लेखांकात आपण पत्रे कापून, वाकवून, रिव्हेट मारून सांगाड्यावर चढवले. त्यांना रंग द्यायचा नाही, धातूच दिसू द्यायचा, असे ज्यांनी ठरवले असेल त्यांच्यासाठी आजचा लेखांक आहे. ही आवड जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली ‘लोटस सेव्हन’ सुट्या भागांच्या संचातही मिळे, मालक ती घरी जोडत, आणि त्या घडणीच्या गाड्यांचे ॲल्युमिनिअमचे पत्रे अनेक जण आजही बिनरंगाचे ठेवतात. असा पत्रा पॉलिश केल्यावर आरशासारखा दिसतो, हळूहळू करडा पडतो, मग मालक पॉलिशचा डबा घेऊन बसतो आणि घासणे हीच निगा असे धरून चालतो. ही समजूत मला चुकीची वाटते. उघड्या ॲल्युमिनिअमची निगा म्हणजे ते वेळेवर धुणे, कोरडे ठेवणे आणि लोखंडापासून जपणे. पॉलिश हा अधूनमधून करायचा संस्कार आहे. त्याची गरज वारंवार पडत असेल, तर चूक धुण्यात शोधावी.

या म्हणण्याचा आधार धातूच्या स्वभावात आहे. हवा लागताच ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पारदर्शक थर धरतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, पण अंगाला घट्ट चिकटलेला असतो. लोखंडाच्या गंजाचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. हा थर सुटत नाही, म्हणून खालचा धातू वाचतो. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला ‘इरॉस’ म्हणून ओळखला जाणारा पुतळा ॲल्युमिनिअमचा ओतीव आहे. तो १८९३ साली उभारला गेला आणि कोळशाच्या धुराने भरलेली लंडनची हवा त्याने अनेक दशके सोसली. एवढ्या लांब जायचे नसेल, तर स्वयंपाकघरातले जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनिअमचेच, पातेले पाहावे. त्यात नुसते पाणी उकळत राहिले की आतून काळे पडते, आणि चिंचेचे सार केले की तेच पातेले उजळते. काळे पडल्यामुळे ते गळू लागत नाही. वरच्या थराचे रूप बदललेले असते, इतकेच. पत्रा करडा पडला म्हणजे तो सडू लागला, हा आक्षेप इथेच संपतो. उलट पॉलिश करताना फडक्यावर जो काळा लेप येतो, तो मळ नसतो. स्वच्छ धुतलेल्या पत्र्यावर घासून पाहा, फडके तरीही काळे होईल. तो आपल्या गाडीचाच धातू असतो.

आता हा नियम भिलाईच्या कॅम्प-१ या वस्तीत लावून पाहू. ज्या राज्यात कोरब्याला बाल्को ॲल्युमिनिअम तयार करते, त्याच राज्यातले भिलाई हे लोखंडाचे गाव आहे. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी १९५९ ची, आणि दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज तेव्हापासून इथे येते आहे. पोलाद कारखान्याच्या गावात, आणि जिथे ग्राइंडर व वेल्डिंग चालते अशा कोणत्याही गल्लीत, धुळीबरोबर लोखंडाचे कण येतात. खनिजाची, म्हणजे हेमॅटाइटची कठीणता मोह्स मापावर सहाच्या आसपास असते. ॲल्युमिनिअमची तीनहून कमी. म्हणजे अशी धूळ कोरड्या फडक्याने पुसणे हे पत्र्यावर वॉटर पेपर फिरवण्यासारखेच आहे. ग्राइंडरमधून उडालेला लोखंडाचा कण मऊ पत्र्यात रुतला, तर तो पावसाळ्यात गंजून तांबडा डाग पाडतो. शिवाय ओलाव्यात दोन धातू एकमेकांना भिडले की त्यांची विजेची बारीक घटमाला सुरू होते आणि तिच्यात झिजते ते ॲल्युमिनिअम. म्हणून आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, नंतरच मऊ कापड लावावे. लोखंडी तारेची घासणी या पत्र्याजवळही आणू नये. सांगाडा पोलादी असेल, तर पत्रा जिथे टेकतो तिथे पोलादाला नीट रंग द्यावा आणि बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घालावा. कोकणासारखी खारी हवा इथे नाही, ही भिलाईतल्या बांधणाऱ्याची मोठी सोय आहे. तिचा लाभ लोखंडाच्या धुळीपायी घालवू नये.

धुण्यासाठी काय वापरायचे, हेही ऑक्साइडच्या थरावरूनच ठरते. हा थर साधारण चार ते नऊ पीएचच्या दरम्यान टिकतो. त्याच्या खाली तीव्र आम्ल आणि वर तीव्र अल्कली, दोन्ही त्याला विरघळवतात. म्हणून धुण्याचा सोडा, कॉस्टिक आणि संडास साफ करायचे ॲसिड वर्ज्य. ओल्या सिमेंटचा पीएच बाराच्या वर असतो, तेव्हा घराचे बांधकाम चालू असेल तर उडालेला शिंतोडा वाळू न देता लगेच धुवावा. गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू, स्वच्छ पाणी आणि कोरडे सुती कापड एवढे पुरते. वर गाडीच्या मेणाचा पातळ हात दिला, तर बोटांचे ठसे आणि पाण्याचे डाग उशिरा धरतात. पावसाळ्यात भिजलेल्या गाडीवर ताडपत्री टाकू नये. अडकलेल्या ओलाव्याने पत्र्यावर पांढरट डाग उमटतात.

यावर कोणी म्हणेल, एवढा जाच कशाला, पारदर्शक लॅकर मारून मोकळे व्हावे. पण आरशासारख्या गुळगुळीत पत्र्यावर लॅकरची पकड मुळातच कच्ची असते. एक चरा पडला की ओलावा त्यातून आत शिरतो, लॅकरखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पसरतात आणि दुरुस्तीसाठी सगळे लॅकर काढावे लागते. ॲनोडायझिंगची गोष्ट वेगळी. त्यात तोच ऑक्साइड विजेच्या साहाय्याने दहा-वीस मायक्रॉनपर्यंत वाढवतात आणि तो खरोखर टिकतो. मात्र पत्रे वाकवून झाल्यावर, जोडण्याआधी टाकीत बुडवावे लागतात आणि नंतरचा चरा घासून घालवता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गुळगुळीत पृष्ठभागावर धूळ कमी धरते, मग आरसाच बरा नव्हे का? हे खरे आहे, आणि म्हणूनच सुरुवातीचे पॉलिश मनापासून करावे. वॉटर पेपर चारशेपासून दोन हजारपर्यंत क्रमाने, पाण्यासह, मग कापडी बफ. पण ज्या बफवर किंवा चाकावर लोखंड घासले असेल त्यावर ॲल्युमिनिअम कधीही घासू नये. ॲल्युमिनिअमची भुकटी आणि लोखंडाचा ऑक्साइड मिळून थर्माइट होते. भिलाईत बनणारे रूळ प्रत्यक्ष मार्गावर सांधताना हेच मिश्रण पेटवतात आणि त्यातून वितळलेले पोलाद मिळते. ती आग घरच्या शेडमध्ये नको. चाक वेगळे ठेवावे आणि भुकटी रोज उचलावी.

सव्वा मिलिमीटरचा पत्रा एका पॉलिशने संपत नाही, हे मान्य. पण दर महिन्याच्या घासण्याने कडा गोल होतात, रिव्हेटची डोकी सपाट होतात आणि मेहनतीने काढलेली घडी पुसट होते. तेव्हा वाचकांना विनंती इतकीच: पुढच्या वेळी पत्रा करडा दिसला, तर पॉलिशच्या डब्याआधी पाण्याची बादली उचला. धुऊन, कोरडा करून एक दिवस थांबा. त्यानंतरही डोळ्यांना खटकले, तरच घासा.