डबे जोडायचे, पण किती जवळ?

मुंबईची लोकल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. तिला वेगळे इंजिन नसते. काही डब्यांखालीच मोटारी असतात आणि पुढचा एकच चालक त्या सर्व मोटारी एकदम चालवतो. ही पद्धत फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याने १८९७ साली शिकागोत यशस्वी केली. मुंबईत अशी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. अशा गाडीला 'मल्टिपल युनिट' म्हणतात.

अशा गाडीची लहान प्रतिकृती करायची, आणि डबे खरोखर जोडता-सोडता आले पाहिजेत, असे ठरवले की भूमितीचा एक सुंदर प्रश्न समोर येतो.

ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेल्या 'ओओ' प्रमाणात एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात, म्हणजे साधारण १:७६. या हिशेबाने ६४.५ फूट लांब व ९ फूट रुंद डबा २५८ मिमी लांब व ३६ मिमी रुंद होतो. आता वळणाचे पाहू. भारतात ब्रॉडगेज मार्गावर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण सहसा ठेवत नाहीत. याला ७६ ने भागले तर २.३ मीटर येतात. पूर्ण वर्तुळाला ४.६ मीटर रुंद खोली हवी! म्हणून खेळातल्या तयार रुळांची त्रिज्या बऱ्याचदा फक्त ४३८ मिमी असते. डबा ७६ पट लहान झाला, पण वळण त्याहून कितीतरी जास्त आवळले गेले.

याचा परिणाम वर्गात करून पाहता येईल. जमिनीवर दोरी व खडूने ४३८ मिमी त्रिज्येचा कंस काढा. २५८ × ३६ मिमीच्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा. प्रत्येकीच्या मध्यरेषेवर, दोन्ही टोकांपासून ३६ मिमी आत, एकेक ठिपका द्या. हे झाले चाकांच्या गाड्यांचे, म्हणजे बोगींचे मध्य. चारही ठिपके कंसावर ठेवून पट्ट्या जवळ सरकवा. आतले कोपरे एकमेकांना टेकतात, तेव्हा मध्यरेषेवरील टोकांत सुमारे ११ मिमी फट उरते. बाहेरच्या कोपऱ्यांत ती सुमारे २२ मिमी असते.

जोडदांडा कायमचा एवढा लांब ठेवला, तर सरळ रुळावरही फट तेवढीच राहणार. खऱ्या गाडीच्या मापात ती ८४ सेंमी होते आणि गाडी तुटक दिसते. आखूड ठेवला, तर वळणावर कोपरे अडकतात.

यावर तोड म्हणजे स्वतःच लांब होणारी जोडणी. डब्याखाली एक उथळ कमानीसारखी खाच असते. तिचा मध्य डब्याच्या आतल्या बाजूला, तर दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला असतात. दांड्याची खुंटी या खाचेतून सरकते. सरळ रुळावर स्प्रिंग तिला मध्यावर धरते, त्यामुळे डबे जवळ राहतात. वळणावर दांडा कडेला वळला की खाच त्याला बाहेर ढकलते आणि डबे दूर होतात. नुसते ओढून मात्र दांडा बाहेर येत नाही.

पण यात एक अट आहे. दोन डब्यांचे दांडे जोडल्यावर त्यांचा एकच ताठ दांडा झाला पाहिजे. आमच्या पहिल्या प्रयत्नात आम्ही नेमके हेच विसरलो आणि साधे सैल आकडे लावले. सरळ रुळावर सारे ठीक होते; वळणावर मात्र डबा रुळावरून उतरला. कारण उघड होते. वाकणे आकड्यांच्या सांध्यातच झाले. दांडा वळलाच नाही, मग खाच त्याला ढकलणार कशी?

युरोपात 'एनईएम ३६२' या मानकाने जोडणीच्या खोबणीचे माप ठरवले आहे. त्यामुळे सैल आकडा काढून त्याच जागी ताठ जोडणी बसवता येते. चालकाच्या टोकाला हे काम अधिक अवघड असते, कारण दांड्याला कडेला झुलायला जागा हवी आणि तिथे डब्याची खालची झालर आड येते.

विद्यार्थ्यांना शेवटी हे विचारा: त्रिज्या ६०० मिमी केली तर किमान फट किती लागेल? आधी अंदाज, मग पट्ट्या, मग त्रिकोणमिती. उत्तर ८ मिमीच्या आसपास यायला हवे.