नाना ‘जहाजावर’ होते, पण कोणत्या? दुसऱ्या महायुद्धातल्या नोंदी अशा शोधा

“आमचे नाना लढाईच्या वेळी जहाजावर होते.” कराड, मिरज, सांगलीकडच्या बऱ्याच मुस्लिम घरांत हे वाक्य ऐकायला मिळतं. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. घाटाखालच्या रत्नागिरी जिल्ह्याशी आपल्याकडच्या अनेक घराण्यांची सोयरीक आहे. तिकडचे कोकणी मुस्लिम पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, तांडेल, सारंग म्हणून समुद्रावर गेले. पण जहाजाचं नाव काय, साल कोणतं, असं विचारलं की घरात शांतता. ज्यांना माहीत होतं ते बहुतेक आता हयात नाहीत. म्हणून राहिलेले कागद वाचायला शिकलं पाहिजे.

पहिला प्रश्न एकच: आजोबा आरमारात होते की व्यापारी जहाजावर? घरात दोन्हीला ‘नेव्ही’च म्हणतात, आणि इथंच शोध भरकटतो. आरमार म्हणजे ‘रॉयल इंडियन नेव्ही’. तिच्या जहाजांच्या नावाआधी ‘एचएमआयएस’ लिहीत. व्यापारी जहाजांच्या नावाआधी बहुधा ‘एसएस’ किंवा ‘एमव्ही’ असे. दोन्हींची दफ्तरं वेगळी.

व्यापारी जहाजावरच्या माणसाकडे डिस्चार्ज बुक असायचं. त्यात प्रत्येक सफरीची ओळ असते: जहाजाचं नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख, हुद्दा. जहाजाच्या नावाशेजारी आकडा दिसला तर तो आधी उतरवून घ्या. एकाच नावाची अनेक जहाजं असतात, अधिकृत नोंदणी क्रमांक मात्र एकाच जहाजाचा. जहाज ब्रिटिश नोंदणीचं असेल तर लंडनमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते कोणत्या बंदरात कधी होतं याची युद्धकाळातली कार्डं आहेत. खलाशांचे करारही तिथं आहेत. आपल्याकडे मुंबईच्या शिपिंग मास्टर कार्यालयात अर्ज करता येतो. आरमारातल्या माणसासाठी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी चौकशी करा. सर्व्हिस नंबर असेल तर काम सोपं होतं.

पेटीत पदक सापडलं तर तेही बोलतं. ‘बर्मा स्टार’ असेल तर बंगालच्या उपसागराकडे पाहा, ‘अटलांटिक स्टार’ असेल तर अटलांटिककडे.

आता नावांची भानगड. इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलं. ‘शेख’ आणि ‘मोहम्मद’ इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी सापडतात. तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नका. वडिलांचं नाव, गाव, तालुका जुळवा. जहाजांचंही तसंच. आपल्या कृष्णामाईच्या नावाचं एक लढाऊ जहाज होतं, पण त्याचं नाव लिहीत ‘किस्तना’. स्कॉटलंडमध्ये बांधलेलं हे जहाज १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावर लढलं. ‘कृष्णा’ म्हणून शोधलं तर युद्धकाळात ते सापडणारच नाही. ते नाव स्वातंत्र्यानंतरचं. फाळणीत ‘नर्बदा’ आणि ‘गोदावरी’ पाकिस्तानकडे गेली आणि त्यांची नावं ‘झेलम’ आणि ‘सिंध’ झाली.

घरात उर्दू पत्रं असतील तर रद्दीत घालू नका. सेन्सॉरमुळे जहाज कुठं आहे हे लिहिता येत नसे, पण तारीख असते. ती हिजरी असेल तर बदलून घ्या. १९४२ चा बहुतेक काळ हिजरी १३६१ मध्ये येतो.

तारीख मिळाली की घरातली गोष्ट तपासता येते. समजा, नाना ‘बंगाल’वर होते असं सांगतात. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘एचएमआयएस बंगाल’ आणि ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज यांची दोन मोठ्या जपानी जहाजांशी गाठ पडली. त्यातलं ‘होकोकू मारू’ बुडालं, ‘बंगाल’ वाचलं. नाना त्या दिवशी त्यावर होते का, हे सर्व्हिस रेकॉर्डच सांगेल. तसंच सेवा फेब्रुवारी १९४६ नंतर लगेच संपली म्हणून ते नौसैनिकांच्या उठावात होते असा अंदाज बांधू नका. युद्ध संपल्यामुळेही त्याच काळात पुष्कळांना घरी पाठवलं गेलं.

आणि जे परतलेच नाहीत? त्यांची कबर नाही, म्हणून घरात नावही हळूहळू पुसलं जातं. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेला निघालेलं ‘एसएस तिलावा’ जपानी पाणबुडीनं बुडवलं. २८० माणसं गेली, त्यांत खलाशीही होते. मुंबई आणि चितगावच्या युद्धस्मारकांच्या नामावलीत रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास ६,००० भारतीय खलाशी आहेत. मुंबईचं स्मारक मस्जिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावं फुकट शोधता येतात. तिथं मृत्यूची तारीख आणि जहाज मिळालं, तर निदान फातिहा कोणत्या दिवशी द्यायची हे तरी घरच्यांना कळेल.

या जुम्म्याला घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. वहीत चार गोष्टी लिहा: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, आठवतील ती जहाजं. कागदांचे मोबाईलवर फोटो काढा. कागद पुढच्या वर्षीही राहील कदाचित. सांगणारं माणूस राहीलच असं नाही.