पहिलं कार्ड घेण्याआधी
ऑगस्ट २०२२मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२चं टॉप्स कंपनीचं संग्राह्य कार्ड अमेरिकेत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. सत्तर वर्षांनंतरही त्याचे कोपरे जवळपास नवेकोरे होते. उलट १९८०च्या दशकाअखेरीस बेसबॉल कार्डं इतकी छापली गेली, की त्यातली बहुतेक आजही कवडीमोल आहेत. नुसतं जुनं असून भागत नाही. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर आहे का, हे पाहून पीएसएसारख्या कंपन्या कार्डाला १ ते १० श्रेणी देतात आणि ते सीलबंद डबीत घालतात. महागडं कार्ड अशा सीलबंद डबीतलंच घ्या. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. विक्रेता मागतो ती नव्हे, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची किंमत बघा. घरखर्चाचा पैसा मात्र यात घालू नका.