बॅटरीवरचा आळ

कल्याण-डोंबिवलीतील नोकरदाराची मोटार बहुधा रविवारची मोटार असते. सोमवार ते शनिवार घरधनी सकाळची जलद लोकल गाठून मुंबईस जातो आणि गाडी इमारतीच्या आवारात जागची हालत नाही, मग एखाद्या रविवारी टिटवाळ्याच्या गणपतीस जावे म्हणून सहकुटुंब बसावे, किल्ली फिरवावी आणि गाडीने हूं की चूं करू नये, की खिडक्यांतून डोकावणारे शेजारी एकमुखाने फैसला देऊन मोकळे होतात: "बॅटरी गेली!" हा आळ पुष्कळदा खराही ठरतो, हे मान्य, परंतु जबानी घेण्यापूर्वीच शिक्षा फर्मावण्याची ही रीत न्यायाची नव्हे आणि खिशाला परवडणारी तर मुळीच नव्हे.

गाडीची जबानी तिच्या आवाजात असते. किल्ली फिरवताच नुसते 'टकटक' ऐकू आले, तर स्टार्टरला पुरेसा विद्युत्प्रवाह पोहोचत नाही एवढेच सिद्ध होते. तो बॅटरी दुबळी झाल्यामुळे पोहोचत नसेल, किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी पुटे चढल्यामुळे वा त्यांची पकड सैल झाल्यामुळे वाटेतच अडत असेल, आणि हा दुसरा दोष पाना व जुना ब्रश यांनी दहा मिनिटांत दूर होतो. उलट, इंजिन जोमाने गरगरते पण पेट घेत नाही, तेव्हा बॅटरीस निर्दोष सोडून तपासाचा रोख इंधनाकडे आणि ठिणगीकडे वळवावा. दुचाकी मुकाट राहिली, तर हँडलवरचे तांबडे बटन आणि खाली राहिलेला साइड-स्टँड आधी पाहावा. गॅरेजपर्यंत ढकलत नेल्यावर ते बटन मॅकेनिकने हसत दाबणे, हा अनुभव ज्यास नाही असा दुचाकीस्वार विरळा.

"दिवे तर लख्ख लागतात, मग बॅटरी ठणठणीतच," हा युक्तिवादही तितकाच फसवा. पुढचे दोन्ही हॅलोजन दिवे मिळून सुमारे 10 अँपिअर प्रवाह घेतात. मोटारीचा स्टार्टर मात्र आरंभीच्या क्षणी 100 अँपिअरहून अधिक मागतो. दिव्यांचा खर्च भागवणारी बॅटरी स्टार्टरची मागणी पुरी करीलच, असे नाही. तसेच, उभ्या गाडीचे इंजिन रोज दोन मिनिटे चालू ठेवले की बॅटरी भरते, ही समजूत व्यर्थ आहे. सुरू करताना खर्ची पडलेली वीजही एवढ्यात पुरती जमा होईल, याची शाश्वती नसते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवावी. सेल्फही एका वेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये.

स्कूटर कलती करून सुरू करण्याचा विधी आमच्या पिढीने बजाजच्या स्कूटरवर भक्तिभावाने पाळला. कार्ब्युरेटरच्या त्या काळी त्यास काही अर्थ होता. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या स्कूटरवर तो निव्वळ व्यायाम आहे. गिअर नसलेल्या स्कूटरला धक्का मारूनही काही साधत नाही. सीएनजीवर चालणाऱ्या पुष्कळ मोटारी तर आरंभी पेट्रोलवरच सुरू होतात व मग गॅसवर जातात. गॅसची टाकी भरली म्हणून पेट्रोलचा काटा शून्यावर ठेवणाऱ्याने बॅटरीला बोल लावू नये.

येथवरचे गैरसमज फार तर काही हजारांचे. पावसाळ्यातील गैरसमज मात्र घर बसवणारा आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास आणि वालधुनी या नद्या कल्याणच्या वस्तीत शिरल्या, आणि असंख्य वाहने पाण्याखाली गेली. ठाण्यातील वंदना सिनेमाचा परिसरही जोराच्या पावसात तुंबतोच. पाणी ओसरले की "चालू होते का, पाहू तरी" म्हणून किल्ली फिरवण्याचा मोह अनावर होतो. सिलिंडरमधील हवा पिस्टनने दाबली की सुमारे दहाव्या हिश्शात मावते, पण पाणी दबत नाही. हवेच्या मार्गाने आत शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला, की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि निव्वळ सफाईवर भागले असते ते इंजिन उघडावे लागते. असे नुकसान साध्या सर्वंकष विम्यातही सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची निराळी पुरवणी घ्यावी लागते. अशा दिवशी बॅटरी शाबूत असणे हाच खरा धोका.

म्हणून पुरात बुडालेल्या गाडीची छायाचित्रे घ्या, विमा कंपनीस वर्दी द्या, आणि टोचन करूनच गाडी गॅरेजात न्या. किल्ली तोवर फिरवू नका.