उद्याची गाडी आज कशी ओळखावी?

मोटारींच्या प्रदर्शनात दरवेळी एखादी गाडी दिव्यांच्या झगमगाटात उभी असते. वर्तमानपत्रात तिचा फोटो येतो आणि घरात चर्चा सुरू होते : "आत्ता कशाला घ्यायची? ही येईपर्यंत थांबू या." अशा गाडीला कॉन्सेप्ट कार म्हणतात. ती विकायला नसते. कंपनीच्या मनात काय आहे, ते लोकांपुढे ठेवून पाहण्यासाठी ती बनवलेली असते. १९३८ साली अमेरिकेत ब्युइकने बनवलेली 'वाय-जॉब' ही अशी पहिली गाडी मानली जाते. ती बाजारात कधीच आली नाही. पण तिच्यातल्या बटणाने वर-खाली होणाऱ्या काचा आज साध्या गाडीतही दिसतात.

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) लोकांना मोटारींचे अप्रूप नवे नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, शेंद्र्याला स्कोडा २००१ मध्ये आली. ऑक्टोबर २०१० मध्ये तर या शहरातील लोकांनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातमी झाली. पण आपल्यातील बहुतेक घरांत गाडी ही आयुष्यात एकदोनदाच होणारी खरेदी असते. व्याज नको म्हणून वर्षानुवर्षे पै-पै साठवणारीही अनेक कुटुंबे आहेत. त्यांचा एक चुकीचा निर्णय फार महाग पडतो. म्हणून कॉन्सेप्ट कारकडे कसे पाहावे, हे समजून घेऊ या.

फेब्रुवारी २०२० मध्ये ऑटो एक्स्पोत स्कोडाने 'व्हिजन इन' ही केशरी गाडी दाखवली. जून २०२१ मध्ये तीच चाकणच्या कारखान्यातून 'कुशाक' नावाने बाजारात आली. आकार, उंची, दीड लिटरचे इंजिन बरेचसे तेच राहिले. मात्र मोठी चाके लहान झाली आणि आतला थाटमाट कमी झाला.

त्याच प्रदर्शनात टाटांनी 'सिएरा'ची कॉन्सेप्ट मांडली, तीही विजेवर चालणारी. प्रत्यक्ष सिएरा यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि आधी आली ती पेट्रोल-डिझेलची. टाटांचीच 'रेसमो' ही छोटी स्पोर्ट्स कार २०१७ मध्ये जिनिव्हाला गाजली. ती विक्रीला आलीच नाही.

म्हणजे एक गाडी सव्वा वर्षात आली, दुसरीला जवळपास सहा वर्षे लागली, तिसरी आलीच नाही. यावरून काय घ्यावे? गाडीचा बांधा आणि कंपनीची दिशा यांवर विश्वास ठेवावा. चाके, पडदे, दारांच्या मुठी यांना भुलू नये. आणि तारीख व किंमत कंपनी जाहीर करीपर्यंत धरूच नये.

दिशा मात्र आता स्पष्ट दिसते आहे. एप्रिल २०२२ मध्ये टाटांनी विजेवरची 'कर्व्ह' दाखवली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती आणली. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी करार केला : आपल्या बिडकीनजवळ सुमारे २० हजार कोटींचा प्रकल्प, वर्षाला चार लाख इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्या.

हा प्रश्न फक्त गाडी घेणाऱ्यांचा नाही. आपल्या मोहल्ल्यांतील किती घरे गॅरेजवर चालतात, ते आपण जाणतो. उस्तादाच्या हाताखाली मुलगा क्लच बसवायला, इंजिन उतरवायला शिकतो. निव्वळ विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, एसी यांचे काम राहील. बॅटरी, मोटर आणि वायरिंगचे नवे येईल. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या अजून अनेक वर्षे रस्त्यावर असतील, त्यामुळे आजचा उस्ताद उद्याच बेकार होणार नाही. पण आज पंधरा वर्षांच्या शागीर्दाला पुढची चाळीस वर्षे काढायची आहेत. त्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षणही मिळायला हवे. चारशे व्होल्टच्या बॅटरीवर अंदाजाने हात घालता येत नाही, तिथे चूक जिवावर बेतते.

गाडीची गरज आज असेल, तर आज जी मिळते तिच्यातून निवडावी. फोटोतल्या गाडीसाठी आजारी आईला रिक्षाने फिरवू नये. गरज तातडीची नसेल, तर खुशाल थांबावे. मुलाच्या शिक्षणाबाबत मात्र थांबून चालणार नाही.