बॅटरीचें माप व बॅटरीचा कस

रानडुकरें व रोही यांच्या उपद्रवामुळें उमरेड, कुही, भिवापूर या भागांतील बरेच बांधव कुंपणास सौर झटका मशीन लावूं लागले आहेत. दिवसा उन्हानें भरलेली बॅटरी रात्रभर तारेंत झटके सोडते. परंतु ती उभ्या पिकाची राखण करील कीं ऐन मध्यरात्रीं मान टाकील, हें आधीं ओळखण्याविषयीं बरीच गैरसमजूत आढळते. यास्तव चार शब्द लिहीत आहों.

शिसें व गंधकाम्ल यांची बॅटरी १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यांनीं सिद्ध केली. तत्त्व आजही तेंच आहे. एका कप्प्याचा दाब सुमारें २ व्होल्ट. असे सहा कप्पे मिळून १२ व्होल्टची बॅटरी होते. पण मीटरवर १२ दिसले म्हणजे बॅटरी भरली, असें नव्हे. मशीन व पॅनेल दोन्ही सोडवून चार-पांच तास विसावा दिल्यावर सुमारें १२.७ आल्यास ती पूर्ण भरलेली, १२.४ आल्यास पाऊण, १२.२ आल्यास अर्धी व १२ आल्यास केवळ पाव उरली असें समजावें. दुपारीं पॅनेल जोडलेलें असतां १३.५ ते १४.४ दिसतात, तें भरतेवेळचें माप होय. त्यावर विसंबूं नये.

आतां मुख्य मुद्दा. व्होल्ट भरती सांगतात, कस सांगत नाहींत. महसूल खात्यांत नोकरी झाल्यानें आम्ही आमच्या परीनें सांगतों: सातबाऱ्यावर क्षेत्र दिसतें, जमिनीचा पोत दिसत नाहीं, त्यासाठीं शेतांतच उतरावें लागतें. जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसला म्हणजे ती १२.६ दाखवूनही थोडक्याच वेळांत रिकामी होते. म्हणून ओझें देऊन परीक्षा करावी. चाळीस अँपिअर-तास वा अधिक क्षमतेच्या भरलेल्या बॅटरीस मोटारीचा ६० वॅटचा दिवा दहा मिनिटें लावावा. माप १२ च्या आसपास टिकलें तर ठीक. झपाट्यानें ११ च्या खालीं उतरलें तर तिच्यावर पीक सोपवूं नये.

झांकणें उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटरनें प्रत्येक कप्पा तपासावा. भरल्यावर आम्लाची घनता १.२५ च्या सुमारास असते. पांच कप्पे सारखे व एकच बराच खालीं, तर दोष त्या कप्प्यांत आहे. लिथियम बॅटरीचा दाब मात्र जवळजवळ अखेरपर्यंत एकसारखा राहतो. तिला हे आंकडे लावूं नयेत.

आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो व उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें. यास्तव ती सावलींत, हवेशीर ठेवावी. अर्ध्याखालीं वारंवार उतरवूं नये. पाणी डिस्टिल्डच घालावें, आम्ल कधीं नाहीं. भरतांना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी पेटवूं नये.

शेवटीं एक कळकळीची सूचना. बॅटरी बसली म्हणून कोणी कुंपणास घरची वा पंपाची वीज थेट जोडूं नये. झटका मशीनचा ठोका क्षणभराचा असतो. थेट विजेची पकड जीव घेते, मग तो रानडुकराचा असो वा आपल्याच गड्याचा, आणि तो गुन्हाही होय. त्यापेक्षां महिन्यांतून एकदां पहांटे मीटर लावणें पुष्कळ सोपें आहे.